बिल्ल्याची मागची बाजू: मशीनचे सुटे भाग इतिहासाला काय सांगतात?

समजा, तुम्ही घाटकोपरच्या राजकीय इतिहासावर संशोधन करायचं ठरवलंय. पंतनगर, भटवाडी, असल्फा, माता रमाबाई आंबेडकर नगर अशा वस्त्यांमध्ये तुम्ही फिरताय. कोणीतरी कपाटातून एक स्टीलचा डबा काढून देतं. त्यात जुन्या पावत्या, एक-दोन फोटो आणि खाली सात-आठ बिल्ले आहेत. एकावर निळ्या रंगात नुसता हत्ती आहे. नाव नाही, साल नाही. हा बिल्ला कधीचा?

पहिलं उत्तर तोंडावर येतं: हत्ती म्हणजे बहुजन समाज पक्ष. पण जरा थांबा. बसपाची स्थापना १९८४ ची. त्याच्या कितीतरी आधी, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, हत्ती हे डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचं चिन्ह होतं. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि हत्ती त्याच्याकडे आला. म्हणजे नुसतं चित्र बघून तुम्ही तीन पक्षांच्या आणि तीस-चाळीस वर्षांच्या मध्ये कुठेतरी लटकत राहता.

अशा वेळी करायची पहिली गोष्ट साधी आहे. बिल्ला उलटा करा. पुढची बाजू राजकारणाची असते, मागची बाजू कारखान्याची. आपल्याकडे चिन्हांवर, घोषणांवर, पोस्टरवर लिहिणारे बरेच आहेत. बिल्ल्याची पाठ वाचणारे फारसे नाहीत. ती वाचायची तर आधी बिल्ला बनतो कसा आणि त्याचे सुटे भाग एकमेकांत बसतात कसे, ते समजून घ्यावं लागतं. या लेखात तेच करू.

चार वस्तू आणि दोन दाब

साधा पिनचा बिल्ला चार वस्तूंचा असतो. वरची पत्र्याची टोपी, तिला बाजारात शेल म्हणतात. त्यावर छापलेल्या कागदाची गोल चकती. कागदावर पारदर्शक फिल्म, जिला सगळे मायलरच म्हणतात. आणि मागचा भाग, म्हणजे पिन लावलेली पत्र्याची किंवा प्लास्टिकची पाठ.

मशीन म्हणजे एक हँडल, एक वरचा साचा आणि दोन खालचे साचे. साच्याला सगळे डायच म्हणतात. पहिल्या खालच्या डायमध्ये शेल, त्यावर कागद, त्यावर फिल्म ठेवायची आणि हँडल दाबायचं. या तिन्ही गोष्टी वरच्या डायमध्ये अडकून वर जातात. मग दुसऱ्या खालच्या डायमध्ये पाठ ठेवायची, पिन खालच्या बाजूला करून, आणि पुन्हा दाबायचं. या दुसऱ्या दाबात कागद आणि फिल्मचे काठ आत दुमडले जातात आणि शेलचा काठ पाठीला घट्ट पकडतो. गोंद नाही, स्क्रू नाही. सगळी पकड दुमडलेल्या काठाची.

म्हणूनच इथे मापाला कमालीचं महत्त्व आहे. शेल किंचित मोठं असेल तर ते डायमध्ये अडकतं. किंचित लहान असेल तर कागद सरकतो आणि चित्र वाकडं बसतं. पाठीची उंची वेगळी असेल तर काठ दुमडतच नाही, बिल्ला हातात सुटा होतो. कागद जाड निघाला तरी हँडल अर्ध्यावर थांबतं. मिलिमीटरच्या अंशांचा खेळ आहे हा.

आकडा तोच, घराणं वेगळं

आता गंमत बघा. आज बाजारात मिळणारी स्वस्त बॅज मशीन बहुतेक चिनी बनावटीची असतात आणि त्यांची मापं मिलिमीटरमध्ये असतात: २५, ३२, ४४, ५८, ७५. यातलं ५८ फार चालतं. अमेरिकेत याच अंगाचा लोकप्रिय बिल्ला सव्वादोन इंचाचा. सव्वादोन इंच म्हणजे ५७.१५ मिलिमीटर. दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळणार नाही. पण पाऊण मिलिमीटरहून जास्त असलेला हा फरक डायला लगेच कळतो. एकाचं शेल दुसऱ्याच्या साच्यात नीट बसत नाही.

बरं, आकडा अगदी सारखा असला तरी काम होईलच असं नाही. दोन कारखान्यांची सव्वादोन इंची मशीन घ्या. एकाचं शेल जरा खोल, दुसऱ्याचं उथळ. एकाची पाठ पत्र्याची, दुसऱ्याची प्लास्टिकची. खोक्यावरचा आकडा तयार बिल्ल्याचा व्यास सांगतो. शेलची खोली, काठाची जाडी, पाठीची ठेवण यातलं काहीच तो सांगत नाही. कागद कापायचं माप तर आणखी वेगळं, कारण काठ आत दुमडायला जास्तीचा कागद लागतो. सव्वादोन इंची बिल्ल्यासाठी साधारण २ पूर्णांक ५/८ इंचाची चकती कापतात.

त्यामुळे बिल्ल्यांची घराणी तयार होतात. एका घराण्याचं शेल, पाठ आणि डाय एकमेकांशी जुळतात. दुसऱ्या घराण्याशी नाही. मशीन एकदाच विकत घेतलं जातं, पण शेल आणि पाठी पुन्हा पुन्हा घ्याव्या लागतात. म्हणजे कोणतं मशीन घेतलं यावरून पुढची काही वर्षं माल कोणाकडून घ्यायचा हेही ठरून जातं. छोट्या धंदेवाल्यासाठी ही किरकोळ गोष्ट नाही. निवडणुकीच्या तोंडावर त्याच्या घराण्याचा माल बाजारात संपला, तर शेजारच्या दुकानात पडलेली दुसऱ्या घराण्याची हजारो शेल त्याच्या काही उपयोगाची नसतात.

हे बंधन आलं कुठून?

आज आपण ओळखतो तो पिनचा बिल्ला अमेरिकेतला. न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क शहरात व्हाइटहेड अँड होग नावाची कंपनी १८९२ पासून होती. १८९६ मध्ये तिने अशा बिल्ल्याचं पेटंट घेतलं: धातूच्या टोपीवर कागद, कागदावर पारदर्शक सेल्युलॉइड, मागे कड्यात अडकवलेली तारेची पिन. त्याच वर्षी अमेरिकेत मॅकिन्ले विरुद्ध ब्रायन अशी अध्यक्षपदाची निवडणूक होती. दोन्ही बाजूंनी असे बिल्ले भरपूर वाटले आणि निवडणूक आणि बिल्ला यांची गाठ तेव्हापासून पक्की झाली. कंपनी बिल्ल्याच्या पाठीत एक कागद घालायची आणि त्यावर आपलं नाव आणि पेटंटच्या तारखा छापायची. तेव्हापासूनच पाठीवर पुरावा आहे, बघणारा हवा.

एक बारकावा लक्षात घ्या. त्या काळी अमेरिकेत पेटंटची मुदत १७ वर्षं होती. म्हणजे १८९६ च्या पेटंटचं कायद्याचं कुंपण १९१३ मध्ये गळून पडलं. त्यानंतर कोणालाही असा बिल्ला बनवता येत होता. पण तोपर्यंत कायद्याने जे केलं, ते पुढे साच्याने केलं. बिल्ल्याची कल्पना सगळ्यांची झाली, पण प्रत्येक कारखान्याचा डाय त्याचा त्याचाच राहिला. तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना ही जागा नेहमी तपासा. मक्तेदारी दर वेळी कागदावर लिहिलेली नसते, कधी कधी ती मापात असते.

तुलनेला कपड्याचं बटण घ्या. इंग्रजीत दोघांना एकच शब्द आहे आणि घडणीतही ते चुलत भाऊ आहेत. ब्लाउजला किंवा शेरवानीला कापड चढवलेलं बटण लावतात ना, तेही शेल, कापड आणि पाठ डायमध्ये दाबूनच होतं. बटणवाल्यांचं जुनं माप आहे 'लाइन'. पाकिटावर ते १८ एल, २४ एल असं छापलेलं असतं. ४० लाइन म्हणजे एक इंच. म्हणजे २४ एल बटण साधारण १५ मिलिमीटरचं. हे माप जगभर चाललं. भारताने १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा करून मेट्रिक पद्धत आणली, तरी बटणाच्या पाकिटावरून एल गेला नाही.

लाइन टिकली आणि बिल्ल्याचं एकच माप मात्र कधी रुळलं नाही. असं का? मला त्याचं उत्तर काजात दिसतं. काज सहनशील असतं. बटण अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी ते त्यातून जातं. त्यामुळे कोणत्याही कारखान्याचं बटण कोणत्याही शिंप्याला चालतं आणि सगळ्यांनी एक माप पाळण्यात सगळ्यांचा फायदा असतो. डाय तसा नाही. कापडाच्या बटणालाही बनवताना स्वतःच्या मापाचाच डाय लागतो, पण ते एकदा तयार झालं की कुठल्याही काजात जातं. बिल्ल्याला काजच नाही. त्याची पिन कोणत्याही शर्टाला टोचते. घालणाऱ्याला मापाशी काही देणंघेणं नाही, म्हणून एक माप करा असं सांगणारंही कोणी नाही.

मुंबईत याचा अर्थ काय?

आता आपल्या शहराकडे येऊ. बिल्ल्याच्या चार वस्तूंपैकी तीन वस्तूंना पक्ष नसतो. शेल, फिल्म आणि पाठ कोणत्याही पक्षाला चालतात. पक्ष फक्त कागदावर असतो. पत्र्यावरच थेट छापलेले बिल्लेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून निघत आले आहेत. मोठ्या संख्येत ते स्वस्त पडतात. पण त्यांत चिन्ह बदललं की सगळा माल भंगारात. कागदवाल्या बिल्ल्यात फक्त चकती बदलायची.

आपल्याकडची चिन्हं किती वेळा बदलली ते आठवा. काँग्रेसची बैलजोडी पक्षफुटीनंतर गेली, १९७१ ला गाय-वासरू आलं, १९७८ मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसला हात मिळाला. अगदी अलीकडचं उदाहरण आपल्या उपनगरातलंच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेनेचं धनुष्यबाण गोठवलं आणि उद्धव ठाकरे गटाला मशाल दिली. ३ नोव्हेंबरला अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक होती. म्हणजे नवं चिन्ह घराघरांत पोचवायला एक महिनासुद्धा नव्हता. अशा वेळी ज्याच्याकडे कोरी शेल पडून आहेत आणि मशीन चालू आहे, तो रात्रीत कागद छापून सकाळी माल देऊ शकतो. सुट्या भागांचं जुळणं किंवा न जुळणं हा अशा वेळी राजकारणाच्या वेगाचाच एक भाग होतो.

आणि फक्त निवडणूकच कशाला? ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबासाहेबांचे, बुद्धाचे बिल्ले विकायला असतात. जयंती मंडळं, गोविंदा पथकं, कामगार संघटना, शाळेचे स्वयंसेवक, सगळ्यांच्या छातीवर हाच चार वस्तूंचा बिल्ला असतो.

पुरावा म्हणून कसा वाचायचा?

इथे संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी खरी गोष्ट येते. पाठीवरून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे नीट वेगळं करायला शिका.

पहिलं म्हणजे, साहित्यावरून फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच कळतं. चित्रावरची फिल्म पॉलिएस्टरची असेल, तर बिल्ला १९५० च्या आधीचा नसणार, कारण मायलर बाजारात आलं तेच १९५० च्या दशकात. पण 'याच्या नंतरचा नाही' हे साहित्य कधीच सांगत नाही. जुनी शेल गोदामात पडून राहतात आणि वीस वर्षांनी वापरली जातात. म्हणून खालची मर्यादा साहित्यावरून लावा, वरची मर्यादा दुसऱ्या कशावरून तरी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि माझ्या मते या सगळ्याचा गाभा. न जुळणं हा भक्कम पुरावा असतो, जुळणं हा कच्चा. दोन बिल्ले एकाच घराण्याचे निघाले, तर ते एकाच माणसाने बनवले असं म्हणता येत नाही. त्या घराण्याची मशीन शहरात शेकडो असू शकतात. पण दोन बिल्ले एका डायमधून येणंच शक्य नसेल, तर किमान दोन डाय वापरले गेले हे नक्की. एकाच माणसाकडे दोन डाय असतील, हीही शक्यता उरते. तरी 'सगळे बिल्ले एकाच वेळी, एकाच ठिकाणी, एकाच मापाने झाले' हे विधान तिथेच पडतं. मग तुम्ही नवा प्रश्न विचारू शकता: दुसरी ऑर्डर का द्यावी लागली? पहिली पुरली नाही? दुसऱ्या गटाने स्वतःचे बनवले? की दुसऱ्या वर्षाचे आहेत?

तिसरी गोष्ट, पाठ कुठे थांबते ते ओळखा. घाटकोपरचंच उदाहरण घ्या. हा भाग तेव्हाच्या मुंबई ईशान्य लोकसभा मतदारसंघात होता. १९७७ मध्ये इथून जनता पक्षाचे सुब्रमण्यम स्वामी निवडून आले, चिन्ह चक्रातला हलधर. १९८० मध्ये पुन्हा तेच निवडून आले, तोच पक्ष, तेच चिन्ह. आता नुसत्या हलधराचा बिल्ला हातात आला तर? पुढची बाजू दोन निवडणुकांमध्ये फरक करू शकत नाही. तीन वर्षांत मशीनही बदलत नाही, त्यामुळे पाठही सहसा गप्प बसते. इथे वर्तमानपत्रं, सभांचे फोटो आणि बिल्ला जपणाऱ्या माणसाची आठवण, हाच मार्ग. वस्तू बोलत नाही तिथे तिच्या तोंडी शब्द घालू नका. त्यापेक्षा '१९७७ किंवा १९८०' असं सरळ लिहा. परीक्षकांना ते जास्त पटतं.

हत्तीच्या बिल्ल्याचंही असंच. त्याची पाठ प्लास्टिकची आणि फिल्म पॉलिएस्टरची निघाली, तर १९५१-५२ ची निवडणूक बहुतेक बाद होते. उरतात रिपब्लिकन पक्ष आणि बसपा. तीनाचे दोन झाले. एवढंच हाती लागलं तरी ते थोडं नाही.

एवढा खटाटोप कशासाठी?

११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि त्यात दहा माणसं मेली. या घटनेवर चौकशी आयोग बसला, खटला चालला, कागदांचे ढीग तयार झाले. अशा सरकारी कागदांत वस्तीतल्या माणसांसाठी एक शब्द नेहमी भेटतो: जमाव. जमावाला नाव नसतं, वर्गणी नसते, कार्यकारिणी नसते. तो नुसता जमतो आणि पांगतो.

आता एका मंडळाचा बिल्ला आठवा. दोनशे बिल्ले करून घ्यायचे तर काय काय लागतं? कोणीतरी वर्गणी काढायला हवी. कोणीतरी मजकूर ठरवायला हवा. कोणीतरी मशीनवाल्याकडे जाऊन भाव करायला हवा, तारीख घ्यायला हवी, माल मोजून आणायला हवा. कोणाला द्यायचे, कोणाला नाही, हेही ठरवायला हवं. म्हणजे दीड-दोन इंची पत्र्याच्या मागे बैठक असते, हिशेबाची वही असते, जबाबदारी वाटून घेतलेली माणसं असतात. ज्यांना कागद जमाव म्हणतो, ते लोक संघटित होते आणि वर्षानुवर्षं होते, याचा पुरावा या डब्यात असू शकतो. आणि वेगवेगळ्या घराण्यांचे बिल्ले निघाले, तर ती संघटना एकाच दिवशी उगवलेली नव्हती असं म्हणायला आधार मिळतो. मी 'आधार' म्हणतोय, 'सिद्ध होतं' म्हणत नाहीये, हेही लक्षात ठेवा.

असा पुरावा बहुतेक वेळा अभिलेखागारात नसतो. तो घरात असतो, आणि मुंबईच्या दमट हवेत पत्रा गंजतो. वस्तीचा पुनर्विकास आला की माणसं संक्रमण शिबिरात जातात. तेव्हा भांडी आणि कागदपत्रं सोबत जातात. बिल्ल्यांचा डबा जाईलच असं नाही.

म्हणून शेवटी कामाच्या चार गोष्टी. बिल्ला मिळाला की दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. साधा व्हर्नियर कॅलिपर घेऊन व्यास आणि जाडी तीन ठिकाणी मोजा, कारण जुना पत्रा चेपलेला असतो; माप मिलिमीटरमध्ये लिहा, इंचाचा अंदाज बाजूला. पाठ पत्र्याची की प्लास्टिकची, पिन तारेची की तयार बसवलेली, आत कागद किंवा छाप आहे का, हे टिपा. बिल्ला उघडून बघायचा मोह टाळा. दुमडलेला काठ हाच पुरावा आहे, आणि एकदा उघडला की तो पुन्हा तसाच बसत नाही.

आणि बिल्ला घरच्यांकडेच राहू द्या. तुम्हाला लागते ती नोंद. वस्तू त्यांची आहे. डबा परत करताना एक प्रश्न मात्र नक्की विचारा: 'हे कुठून बनवून आणले होते?' पक्ष कोणता, नेता कोण, हे त्यांना आधीही कोणीतरी विचारलेलं असतं. हा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच विचारला जात असेल.